नवसाची कोंबडी आणि बोरसे बाईंचा पाय

मुलांनो,

परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की तुमच्या मागच्या अंगणातल्या कोंबडीचा पाय दुखावला, म्हणून तिला मोटारीत घालून डॉक्टरकडे नेलं, तिथे तिच्या पायाचा फोटो काढला, आणि निघताना तिचं मन कसं रमवावं याच्या सूचनाही मिळाल्या. ऐकून फार बरं वाटलं. आमच्याकडे माणसांचं मन रमवण्याच्या सूचनासुद्धा कधी कोणी दिल्या नाहीत.

फोन ठेवला आणि मला धुळ्याच्या बोरसे बाई आठवल्या. तेव्हापासून त्या डोक्यातून जात नाहीत. डोक्यातच कशाला, त्या कुठूनच सहजासहजी जाणाऱ्या नव्हत्या. म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला जड जातं, हे मला ठाऊक आहे. मी जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना इंग्रजी शिकवलं, त्याची ही शिक्षा समजा. आईकडून वाचून घ्या.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तुमच्या आजोबांची पाटबंधारे खात्यातली नोकरी तेव्हा धुळ्याला होती. जळगावचं घर बंद करून आम्ही तिथल्या देवपूर भागात भाड्याने राहत होतो. मागच्या बाजूला कमरेएवढी भिंत, भिंतीपलीकडे बोरसे बाई आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाईंना सगळी गल्ली जिजी म्हणे. बाईंचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाने गेला होता. घरात या दोघीच. एकमेकींशी भांडायला तिसरं माणूस लागतंच असं नाही, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले.

मी मुलींच्या ज्या शाळेत इंग्रजी शिकवत असे, तिथेच बोरसे बाई खेळ आणि कवायत शिकवत. पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. लग्नकार्यालाही शिट्टी गळ्यात असे. मंगळसूत्र गेलं, तेव्हा गळा रिकामा दिसतो म्हणून लोक हळहळायला यायचे. बाईंनी त्या जागी शिट्टी घातली आणि हळहळ थांबली. त्या चालत नसत, निघालेल्या असत. बाजारात जायचं तर बाई कोपऱ्यावरच्या चक्कीपाशी पोहोचलेल्या आणि जिजी अजून आमच्या दारापाशी, हातात पिशवी. जिजी मागून आपल्या अहिराणीत ओरडे, "थांब ना वं, मी काय घोडा शे?" बाई कोपऱ्यावर थांबत, जिजी जवळ आली की पुन्हा निघत. जिजीला विसाव्याचा क्षण मिळू नये अशी ती सोय होती.

आजारपण या गोष्टीवर बाईंचा मुळीच विश्वास नव्हता. पोट दुखतंय म्हणून मुलगी आली की बाई म्हणत, "कुठं दुखतंय ते मग बघू. आधी पळ." आणि गंमत म्हणजे पळून आल्यावर बहुतेकींचं पोट दुखायचं थांबलेलं असे. आईची चिठ्ठी आणली तर बाई म्हणत, "आईला पळायला बोलाव." खाडा करणाऱ्या मुलींना त्या 'महाराणी' म्हणत. "या महाराणी, पालखी कुठं ठेवली?"

लंगडत येणाऱ्या मुलींसाठी त्यांची खास परीक्षा होती. मुलीला त्या काहीच बोलत नसत. मैदानाच्या कडेला बसवून ठेवत आणि थोड्या वेळाने पाणी आणायला पाठवत. मुलगी जाताना एका पायाने लंगडे आणि येताना दुसऱ्याने. बाई शांतपणे म्हणत, "महाराणी, दुखणं कोणत्या पायात ठेवलंय ते तरी लक्षात ठेवा." मी एकदा त्यांना म्हटलं, एखादीचा पाय खरंच दुखत असला तर? बाई म्हणाल्या, "मॅडम, खरा लंगडा कधी पाय बदलत नाही. पाय बदलतो तो नाटक्या." हे त्या अशा अधिकाराने म्हणाल्या की मला माझे दोन्ही पाय तपासून बघावेसे वाटले.

त्या निर्दय होत्या असं समजू नका. एका सव्वीस जानेवारीला शिक्षण खात्याचे कोणी साहेब झेंडावंदनाला आले. साहेबांना देशाबद्दल पुष्कळ बोलायचं होतं. आठचं ऊन नऊचं झालं, नऊचं दहाचं. मुली उभ्या. एक मुलगी मटकन खाली बसली. मुख्याध्यापिका साहेबांकडे बघून हसत होत्या, आम्ही शिक्षिका मुख्याध्यापिकांकडे बघून हसत होतो. तेवढ्यात बाईंची शिट्टी झाली. "सावधान. उजवीकडे वळ. सावलीकडे चल." अख्खी शाळा पाय आपटत कडुनिंबांच्या सावलीत जाऊन उभी राहिली. साहेब रिकाम्या मैदानाला उद्देशून पुढे बोलत राहिले, कारण थांबायचं कुठे हे त्यांनी लिहून आणलं नव्हतं. नंतर बाईंना जाब विचारला गेला. बाई म्हणाल्या, "भाषण सावलीतही ऐकू येतंय का, ते बघत होते. येतं."

अशा बाई एका थंडीत पांझरा नदीच्या पुलावर सायकलवरून पडल्या. पुढून कापसाची बैलगाडी, मागून एसटी, मध्ये बाई. डावा पाय मोडला. प्लास्टर घालून घरी आणलं, तेव्हा मी भेटायला गेले. बाई खाटेवर ताठ बसलेल्या. मी विचारलं, "फार दुखतंय का?" तर म्हणाल्या, "दुखतंय ते मग बघू." मात्र पळता येत नव्हतं, त्यामुळे वाक्याचा दुसरा भाग त्यांनी गिळला.

जिजी मात्र त्या दिवसांत अर्धी झाली. मुलगा गेला तेव्हा नवस बोलायलासुद्धा वेळ मिळाला नव्हता. तिसऱ्या दिवशी सगळं संपलं होतं. या वेळी वेळ होता. जिजी पारोळ्याकडच्या आपल्या गावी गेली, शेताच्या बांधावरच्या म्हसोबासमोर बसली आणि बोलून आली. सून पहिल्यासारखी चालू लागली की कोंबडी देईन. सून चालू लागल्यावर जिजी पुन्हा गावी गेली, भावाच्या घरची एक तरुण तांबडी कोंबडी घेतली, ती म्हसोबाच्या दगडाला टेकवली, तिच्या डोक्याला शेंदूर लावला आणि टोपलीत घालून एसटीने धुळ्याला आणली. त्यांच्याकडे रीत अशी, की देवाला दाखवलेलं जनावर घरचा दाणा खाऊन भरू द्यायचं आणि मग पौर्णिमा बघून बळीला न्यायचं. ते विकता येत नाही, कोणाला देता येत नाही, आणि त्याच्या जागी दुसरंही चालत नाही. देवाने पाहिलेली कोंबडी ती हीच.

बाईंना हे पसंत नव्हतं. "माझा पाय प्लास्टरनं बसला, श्रेय म्हसोबाला. सरकारी दवाखान्याला निदान एक अंडं तरी द्या," असं त्या भिंतीवरून मला म्हणाल्या. पण जिजीला काही बोलल्या नाहीत. कोंबडीकडेही त्या बघत नसत. देवाची वस्तू, आपल्याला काय करायचं. जिजी दाणे टाकी, कोंबडी खाई आणि दिवसेंदिवस देवाच्या जवळ जाई.

एका दुपारी मागच्या दारातून गल्लीतलं कुत्रं शिरलं. आम्ही सगळे धावलो तेव्हा अंगणभर पिसं होती आणि कोंबडी तुळशीच्या कट्ट्यामागे पडलेली. पाठीची कातडी फाटलेली, एक पाय भलत्याच दिशेला. जिजी एकच म्हणत राहिली, "देवनी वस्तू व्हती, आपला घरमा मोडनी." तिचा चेहरा बघून मला पहिल्यांदा कळलं की तिच्या मनात ही कोंबडी नव्हतीच. तिच्या मनात तो पाय होता. नवस बुडाला की सुनेचा पाय पुन्हा जाणार. कदाचित पायावरच भागणार नाही. आणि देवाला लंगडं जनावर चालत नाही.

"मरेल का ही?" जिजीने विचारलं.

बाईंनी कोंबडी उचलली. "माझ्या परवानगीशिवाय नाही," त्या म्हणाल्या.

सरकारी जनावरांच्या दवाखान्यात तिघी गेलो. मला का नेलं, तर औषधावर इंग्रजी लिहिलेलं असतं. डॉक्टरांनी कोंबडी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "बाई, हिचा रस्सा करा. दोन माणसांना पुरेल."

"मागे माझा पाय मोडला होता," बाई म्हणाल्या. "तुमच्या सरकारी डॉक्टरांनी मला प्लास्टर घातलं. त्यांना रश्श्याचं सुचलं नाही."

डॉक्टरांनी मलम आणि एक पूड दिली. पूड गायीम्हशींची होती, मात्राही त्यांच्याच वजनाची लिहिलेली. माझं एवढं इंग्रजी शिक्षण, वाचनालयातली एवढी पुस्तकं, त्या सगळ्याचा उपयोग शेवटी असा झाला की मी अंगणात बसून गायीच्या वजनातून कोंबडी काढत होते. उत्तर बरोबर आलं असावं, कारण कोंबडी मेली नाही.

बाईंनी तिच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या, जुन्या साडीच्या पट्टीने गुंडाळल्या. पाठीला मलम आणि वर हळद. चुलीशेजारी टोपली. ज्वारीच्या पिठाच्या भिजवलेल्या गोळ्या चोच उघडून भरवायच्या, चमच्याने पाणी पाजायचं. शाळेत कोणाला पाच मिनिटं बसू न देणारी ही बाई, घरी आल्या आल्या टोपलीशी मांडी घालून बसे आणि म्हणे, "काय महाराणी, आज तरी उठायचं का?" रविवारी सगळी गल्ली मालिका बघायला टीव्ही असलेल्या घरात लोटायची, तेव्हा बाई म्हणत, "काय झालं ते मला मग सांगा. हिला गलका सहन होत नाही." जिजी भिंतीशी येऊन मला सांगे, "मी आजारी पडनू तं माले असं इचारं का कधी?"

कामट्या सुटल्यावर कवायत सुरू झाली. अंगणात सकाळी आवाज यायचा, "चल. एक, दोन. एक, दोन. थांबायचं नाही. एक." मी चहा घेता घेता भिंतीवरून बघे. पुढे तांबडी कोंबडी एक पाय टाकत, तोल सावरत, मागे बाई वाकून. कोंबडीचा कल एकीकडे गेला की बाई बोटाने सरळ करत. कोणी मुलगी बाईंच्या हाताखालून एवढ्या मायेने गेली असती तर राज्यपातळीवर खेळली असती.

आणि कोंबडी बरी झाली. हाच तर घोटाळा.

पौर्णिमा आली की जिजी विचारी, "व्हयनी का बरी?" बाई म्हणत, "अजून लंगडते." पुढची पौर्णिमा. "आते?" "थोडी कसर आहे." आयुष्यात एकाही मुलीला आजारी न मानलेल्या बाईंनी त्या धडधाकट कोंबडीला महिन्यामागून महिने आजारपणाची रजा दिली. एव्हाना ती भिंतीवर उडून बसे आणि आमची कोथिंबीर खाई. मी बाईंना म्हटलं, ही लंगडी आमच्या कुंडीपर्यंत कशी पोहोचली? बाई म्हणाल्या, "मॅडम, आजारी माणसाला हवापालट लागतो."

जिजी भोळी होती, पण इतकी नव्हती. एका पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाई शाळेतून यायच्या वेळेला तिने अंगणाच्या एका टोकाला कोंबडी धरून ठेवली आणि दुसऱ्या टोकाला मूठभर बाजरी टाकली. बाई दारात आल्या आणि जिजीने हात सोडला. कोंबडी बाणासारखी गेली. बाईंचीच परीक्षा, बाईंच्याच महाराणीवर. मी भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होते. तेच कपडे मी पुन्हा पुन्हा झटकत राहिले, कारण तिथून हलणं शक्य नव्हतं.

"ती बरी शे," जिजी म्हणाली. "सकायनी एसटी. देवनं देवले देनं पडी." आणि मग हलक्या आवाजात, "तुना पायनं भ्याव वाटस माले, पोरी."

बाई दारातच उभ्या होत्या. देव खोटा आहे असं त्या सहज म्हणू शकल्या असत्या. त्या तसं मानतही होत्या. पण ज्या म्हातारीने दवाखान्यात त्यांच्या खाटेखाली चटई टाकून रात्री काढल्या, तिला हे कसं सांगायचं? त्या दोन पावलं आत आल्या. तिसऱ्या पावलाला लंगडल्या.

"जिजी, तू देवाला काय बोलली होतीस?"

"सून पहिलासारखी चालू दे."

"मग मी कुठं चालते पहिल्यासारखी?" बाई अंगणातल्या खाटेपर्यंत लंगडत गेल्या आणि पाय धरून बसल्या. "थंडी पडली की कळ येते. कोणाला दाखवत नाही, एवढंच. देवाचंच काम अर्धवट राहिलंय, आणि तू कोंबडी आधी देणार?"

जिजीने सुनेचा पाय निरखून बघितला. मग तिने कोंबडी उचलली आणि टोपलीखाली झाकली. मी कपडे झटकायचे थांबवले.

त्या दिवसापासून बोरसे बाई दोन झाल्या. शाळेच्या फाटकात शिरल्या की पूर्वीसारख्या निघालेल्या. गल्लीच्या कोपऱ्यावर चक्की आली की लंगडायला सुरुवात. मैदानावर त्या मुलींना म्हणत, "नाटकं माझ्यापुढे नाही," आणि संध्याकाळी बाजाराला जिजीच्या बरोबरीने पाय ओढत निघत. मी त्यांना एकदा विचारलं, किती दिवस हे? त्या म्हणाल्या, "कोंबडी किती वर्षं जगते, मॅडम? तेवढे दिवस." मी इंग्रजी पुस्तकात बघून सांगितलं, की नीट सांभाळली तर बरीच वर्षं. बाई म्हणाल्या, "आता सवय झालीय." चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण शिट्टी हातात फिरवत होत्या. मनातून खूश असल्या की त्या तसं करत.

पुढच्या वर्षी आजोबांची बदली झाली आणि आम्ही जळगावला परत यायला निघालो. सामान ट्रकमध्ये चढत होतं. बाई शाळेत होत्या. जिजी भिंतीशी आली. मला वाटलं, निरोप घ्यायला आली. ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "एक सांगू का, बाई? ती लंगडस ना, ते खोटं शे."

मी माझ्या परीने आश्चर्य दाखवलं. चांगलं जमलं नसावं.

"सोमवारले डावा पाय लंगडस, बाजारना दिन उजवा. मी काय आंधळी शे?" जिजी म्हणाली. "देवले नारळ दी उनू मी, कोंबडीना बदला. सांगं त्याले, मनी सून काय ऐकाव नही. देव काही बोलना नही."

म्हणजे रीत मोडून, एका नारळावर नवस केव्हाच फिटला होता. कोंबडी सुटली होती, पाय सुटला होता, भीती गेली होती. मी म्हटलं, "मग जिजी, त्यांना सांगा ना. उगाच बिचाऱ्या पाय ओढत चालतात."

जिजीने पदर डोक्यावर घेतला. "काबरं सांगू? पहिले ती पुढे पळे, मी मांगे एकली. आते मनासंगे चालस." आणि मला बजावलं, "तू बी सांगू नको. लंगडू दे."

मी सांगितलं नाही. माझ्या नीटनेटक्या स्वभावाला हे फार कठीण गेलं. बाईंना एक वाक्य सांगितलं असतं की सगळा हिशोब सरळ होणार होता. पण सरळ होऊन त्या दोघींचं भलं होणार होतं, असं मला काही दिसेना.

ट्रक निघाला तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. चक्कीच्या वळणावर त्या दिसल्या. बाजारातून परत येत होत्या. जिजीच्या हातात काही नव्हतं, मेथीच्या जुड्या डोकावणारी पिशवी बाईंच्या खांद्यावर. तांबडी कोंबडी कोपऱ्यापर्यंत त्यांना आणायला आली होती आणि दोन पायांवर नीट, ऐटीत पुढे चालली होती. मागे दोघी अगदी एका चालीने, जिजी काहीतरी सांगते आहे आणि बाई मान खाली घालून ऐकताहेत. बोलता बोलता जिजी दम खायला थांबली, तर बाईही थांबल्या. ट्रक बघून बाईंनी हात वर केला, शिट्टी तोंडात घेतली, एक छोटीशी वाजवली आणि पुन्हा चालायला लागल्या.

प्लास्टर डाव्या पायाला होतं, हे मी वर लिहिलंच आहे. बाई उजव्या पायाने लंगडत होत्या, आणि जिजी तिकडे अजिबात बघत नव्हती.